वाचकांचे प्रश्न : आपले शेजारी आणि टीव्हीवरची मालिका

गेल्या अंकात आम्ही ‘आपल्या शेजारपाजाराची मालिकांशी तुलना’ या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमची सोसायटी जुनी, तीन मजल्यांची आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंचे त्यांच्या खाली राहणाऱ्या कुटुंबाशी बाथरूमच्या गळतीवरून वाजले. तेव्हापासून इमारतीतल्या बायका त्यांचा उल्लेख एका मालिकेतल्या खलनायिकेच्या नावाने करू लागल्या. त्या जिन्यात दिसल्या की कोणीतरी त्या मालिकेचे शीर्षकगीत गुणगुणते, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आजचा एपिसोड’ या मथळ्याखाली त्यांच्या हालचालींची बातमी येते. आता लहान मुलांच्या तोंडीही तेच नाव बसले आहे. यंदा त्या सोसायटीच्या गणपतीच्या आरतीला फिरकल्या नाहीत. हे थांबवा असे मी सुचवले, तर ‘अगं, गंमत चालली आहे’ असे उत्तर मिळाले. ही खरोखर गंमत आहे का?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : नाही. ज्या बोलण्यामुळे एक बाई स्वतःच्याच इमारतीतल्या आरतीला यायची थांबते, त्याला गंमत म्हणणे मला मान्य नाही. तुम्ही ते थांबवा असे म्हणालात हे योग्यच केले. मात्र समोरच्यांना पटवून द्यायचे असेल, तर ही तुलना नेमकी कुठे चुकते हे समजून घेतले पाहिजे, कारण वरवर पाहता ती अगदी चपखल वाटते.

दैनंदिन मालिकेचे आठवड्याला सहा भाग तरी लागतात. जाहिराती वजा जाता प्रत्येक भाग वीस-बावीस मिनिटांचा असतो, आणि त्याच्या शेवटी असे काही घडावे लागते की प्रेक्षक दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला टीव्हीसमोर परत येईल. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि कथानक कुठे वळवायचे हे पुष्कळदा त्या आकड्यांवर ठरते. अशा रचनेत लेखकाला संकटांचा अखंड पुरवठा करणारे एक पात्र लागतेच. खलनायिका दुष्ट असते ती या गरजेपोटी, आणि ती सुधारत नाही तीही याच गरजेपोटी, कारण तिला मध्येच उपरती झाली तर कथा जागच्या जागी थांबेल. तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंवर अशी कोणतीही सक्ती नाही. त्या उद्या सकाळी मऊ होऊ शकतात, पण त्यांना खलनायिकेचे नाव देणाऱ्यांनी तेवढी वाट मोकळी ठेवलेली नाही.

याहून महत्त्वाचा फरक प्रेक्षकाच्या जागेत आहे. मालिकेत आपल्याला सर्व काही दाखवले जाते. खलनायिका बंद खोलीत आपला बेत मोठ्याने बोलून दाखवते, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर तीनदा झेपावतो, संगीत बदलते आणि तिच्या हेतूबद्दल कसलीही शंका उरत नाही. रोज रात्री दोन-तीन तास असे पाहत राहिले की समोरच्याचा हेतू आपल्याला ठाऊकच आहे असे मानण्याची सवय लागते, आणि ती सवय टीव्ही बंद केल्यावरही आपल्याबरोबर जिन्यात येते. तुमच्या इमारतीत कोणाला काय दिसले? एक बाई भाजीची पिशवी घेऊन वर गेली, कोणाशी बोलली नाही आणि तिने दार लावून घेतले. दाराच्या आत आजारपण असेल, पैशांची ओढाताण असेल, किंवा इतके दिवस टोमणे ऐकून कोणाशी बोलावेसे वाटत नसेल. यांतले काहीच कोणी पाहिलेले नाही, आणि न पाहिलेली जागा मालिकेतून उचललेल्या हेतूंनी भरली जात आहे.

आता गळतीकडे येऊ, कारण मूळ भांडण तिथे आहे आणि त्याचा कोणाच्या स्वभावाशी फारसा संबंध नसावा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरून जाणाऱ्या सामायिक पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळांची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते, तर फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूमची आणि सिंकची गळती त्या सदस्याने दुरुस्त करायची असते. म्हणजे पाणी नेमके कुठून येते हे कळल्याखेरीज कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरूच शकत नाही. ते शोधण्याची रीत साधी आहे. प्लंबर वरच्या बाथरूमच्या जाळीला बोळा लावून लादीवर पाणी साठवतो, त्यात रंग मिसळतो आणि एक-दोन दिवस खालच्या छतावर रंगीत ओल उमटते का ते पाहतो. ती उमटली तर दोष लादीखाली आहे. उमटली नाही, तर भिंतीतल्या किंवा बाहेरच्या नळाकडे वळायचे. ही चाचणी झाली असती, तर एक-दोन दिवसांत जो प्रश्न मार्गी लागला असता, त्याचे या बाईंच्या चारित्र्यावरच्या शेऱ्यात रूपांतर झाले नसते. समितीला लेखी अर्ज देऊन दोन्ही कुटुंबांच्या समक्ष ही चाचणी करून घ्या. समितीने टाळाटाळ केली, तर वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय मांडा. ही सभा ३० सप्टेंबरपर्यंत घेणे समितीवर बंधनकारक असते.

ग्रुपवर उपदेशाचा लांबलचक संदेश पाठवू नका, त्यातून आणखी एक ‘एपिसोड’ तयार होईल. कोणी ते नाव घेतले की प्रत्येक वेळी त्यांचे खरे नाव उच्चारा, ‘कोण, अमुक वहिनी ना?’ असे, आणि तेवढेच. मुलांना मात्र स्पष्ट शब्दांत समज द्या. शिवाय येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे ग्रुपवरच्या सामायिक निमंत्रणावर सोडू नका, स्वतः जाऊन द्या. त्या येतील की नाही हे सांगता येत नाही, पण बोलावणे त्यांच्या दारापर्यंत गेलेच पाहिजे.

प्रश्न : माझा जन्म वरळीच्या बीडीडी चाळीतला. मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, आणि मधल्या पॅसेजमध्ये सगळ्यांचे संसार मांडलेले. आता टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांचे घर मिळाले आहे. घर उत्तम आहे, पण सगळी दारे बंद असतात. माझी पत्नी म्हणते की चाळीत रोजच मालिका चालायची, आता ती टीव्हीवर बघावी लागते. मला मात्र टीव्हीवरच्या मालिकेत शेजारी दिसतच नाही. एक मोठा बंगला, त्यात एकच कुटुंब आणि बाहेर जगच नाही! पूर्वीही असेच होते का?
— एक ज्येष्ठ वाचक, वरळी

उत्तर : पूर्वी असे नव्हते, आणि तुमचे निरीक्षण अचूक आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची ‘चिमणराव’ ही मालिका आली, आणि चिमणरावांच्या घरात आला-गेला, सगासोयरा, ओळखीचा-पाळखीचा यांची वर्दळ असे. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या ‘हम लोग’मध्ये दिल्लीतले एक निम्नमध्यमवर्गीय कुटुंब होते, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार पडद्यावर येऊन त्या दिवशी घडलेल्या गोष्टीविषयी प्रेक्षकांशी बोलत. १९८६ मधल्या ‘नुक्कड’ला तर घरच नव्हते, होता तो रस्त्याचा कोपरा आणि त्यावरचे सायकलवाला, इलेक्ट्रिशियन, हॉटेलवाला हे लोक. १९८८ मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून आलेल्या ‘वागळे की दुनिया’तला नायक मुंबईतला एक साधा कारकून होता. या मालिका आठवड्यातून एक-दोनदा लागत आणि कधीतरी संपत.

पुढे खाजगी वाहिन्या आल्या आणि मालिका रोजच्या झाल्या. मराठीत अल्फा (आताची झी मराठी) वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली. २००१ मध्ये आलेली ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका सुमारे अकरा वर्षांत तीन हजारांहून अधिक भागांपर्यंत पोहोचली. रोज एक भाग तयार करायचा म्हणजे चित्रीकरण थांबवून चालत नाही. त्यासाठी गोरेगावच्या चित्रनगरीत किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर एक सेट उभारला किंवा बंगला भाड्याने घेतला जातो. दिवाणखाना, स्वयंपाकघर, जिना आणि दोन-तीन शयनगृहे एवढ्यात सारे प्रसंग बसवले, तर प्रकाशयोजना एकदा लावून एकाच दिवसात अनेक दृश्ये उरकता येतात. गल्लीत चित्रीकरण करायचे म्हटले की परवानगी, बघ्यांची गर्दी, गाड्यांचे आवाज आणि पाऊस हे सगळे आडवे येते, आणि शेजारी म्हणून आणलेल्या प्रत्येक कलाकाराच्या तारखा आणि दिवसाचे मानधन वाढते. शेजारी मालिकेतून गेला तो मुख्यतः या हिशेबामुळे. ज्यांनी वेगळा हिशेब मांडला त्यांना यशही मिळाले आहे. तारक मेहता यांच्या गुजराती स्तंभावर आधारलेली आणि २००८ पासून चालू असलेली हिंदी मालिका एका सोसायटीतच घडते. ब्रिटनमध्ये ९ डिसेंबर १९६० पासून चालू असलेल्या ‘कोरोनेशन स्ट्रीट’चे तर नावच रस्त्याचे आहे. तिथे एका ओळीतली घरे, कोपऱ्यावरचे दुकान आणि सगळ्यांचा एक पब हेच कथेचे घर आहे, आणि भांडलेली माणसे संध्याकाळी त्याच पबमध्ये येऊन बसतात.

तुमच्या पत्नींचे म्हणणे मला समजते, तरी चाळ मालिकेसारखी होती हे मी मान्य करणार नाही. चाळीत माणूस दिवसभर आणि सर्व बाजूंनी दिसत असे. सकाळी पाण्यावरून भांडलेली बाई दुपारी तुमच्या मुलाला आपल्या मुलांबरोबर वाढत असे, आणि रात्री कोणाच्या छातीत दुखू लागले तर तिचाच नवरा टॅक्सी आणायला धावत असे. एका माणसाची इतकी रूपे रोज डोळ्यांसमोर असताना त्याच्यावर एकच शिक्का मारून ठेवणे अवघड होते. त्या जगण्याचे दुसरे अंगही मी विसरत नाही. १६० चौरस फुटांत नव्या सुनेला मोकळा श्वास मिळत नव्हता, आणि मजल्याच्या टोकाच्या सामायिक संडासासमोर रांगेत उभे राहण्यात काही मौज नव्हती. टॉवरने ही गैरसोय दूर केली हे चांगलेच झाले. मात्र आता शेजारी लिफ्टमध्ये अर्धा मिनिट दिसतो आणि उरलेल्या वेळी त्याच्याविषयी तर्क केले जातात. तुम्ही जुने रहिवासी बहुतेक एकत्रच आला आहात, तेव्हा मजल्यावरची दारे संध्याकाळी तासभर उघडी ठेवण्याचा प्रघात तुम्हीच पाडू शकता. कॅरम बोर्डसाठी सोसायटीचे सभागृह मागा. भजनी मंडळ असेल तर तेही बंद पडू देऊ नका.

प्रश्न : माझी आजी मालिकेतल्या पात्रांविषयी शेजारच्या लोकांविषयी बोलावे तसे बोलते. ‘त्या पोरीला आज जेवायलाही दिले नाही गं’ असे म्हणून ती खरोखर अस्वस्थ होते. हे काळजीचे लक्षण आहे का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : केवळ एवढ्यावरून काळजी करू नका. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच दाखवून दिले होते की रेडिओ आणि टीव्हीवर नेमाने भेटणाऱ्या व्यक्तीशी श्रोत्या-प्रेक्षकांचे खऱ्या ओळखीसारखे एकतर्फी नाते जुळते. ठरलेल्या वेळी रोज घरात येणाऱ्या माणसाविषयी आजीला जिव्हाळा वाटणे स्वाभाविक आहे. जवळच्या माणसांची नावे, दिवस-वेळ, औषधे यांतही गोंधळ होत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. एरवी तिच्याजवळ बसून तो भाग पाहा आणि त्या मुलीच्या जागी ती असती तर तिने काय केले असते, ते विचारा. पुष्कळ आज्या अशा वेळी मालिका सोडून स्वतःच्या सासरचे सांगू लागतात.

प्रश्न : आमच्या वाड्यावर दोन घरांत तंटा झाला की वडीलधारी माणसे लगेच म्हणतात, ‘बायका मालिका बघून बिघडल्या.’ मला हे ऐकवत नाही. मालिकांमुळे शेजार बिघडतो, याला काही आधार आहे का?
— एक शिक्षिका, फोंडा (गोवा)

उत्तर : तुम्हाला हे ऐकवत नाही ते बरोबरच आहे, कारण भांडणे मालिकांच्या कितीतरी आधीपासून होत आली आहेत. बांधावरून, विहिरीवरून आणि सामायिक भिंतीवरून न्यायालयात गेलेल्या दाव्यांमध्ये पुरुषच पुढे होते.

आधाराचे विचाराल, तर तुमच्या राज्याचा समावेश असलेला एक महत्त्वाचा अभ्यास उलट दिशा दाखवतो. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, गोवा, हरियाणा आणि तमिळनाडूतल्या गावांमधून आणि दिल्लीतून गोळा केलेल्या माहितीवर आधारलेला निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या गावांत त्या काळात केबल टीव्ही पोहोचला, तिथल्या स्त्रियांच्या उत्तरांत फरक पडलेला दिसला. नवऱ्याने मारणे योग्य आहे असे म्हणणाऱ्या स्त्रिया कमी झाल्या, मुलगाच हवा हा आग्रह घटला आणि घरातल्या निर्णयांत आपलेही मत विचारले जाते असे सांगणाऱ्या वाढल्या. ब्राझीलमधल्या मालिकांवरही असे संशोधन झाले आहे. तिथल्या प्रमुख वाहिनीच्या मालिकांमधल्या पन्नाशीच्या आतल्या मुख्य स्त्री-पात्रांपैकी ७२ टक्क्यांना मूल नव्हते आणि २१ टक्क्यांना एकच होते. ज्या भागांत ती वाहिनी पोहोचली तिथे जन्मदर कमी झाल्याचे संशोधकांना आढळले. दोन्हीकडे मुद्दा एकच दिसतो : आपल्या गावाबाहेर स्त्रिया कशा जगतात याचे चित्र प्रथमच घरात आले आणि त्याने काही मने हलली.

पण एवढ्यावरून आजच्या मालिकांना मी निर्दोष ठरवत नाही. तो अभ्यास केबल पहिल्यांदा पोहोचण्याच्या काळाचा आहे, आणि आज सोसणारी सून व छळणारी सासू यांच्या जोड्या वर्षानुवर्षे दाखवत राहणाऱ्या मालिकांवर टीका झालीच पाहिजे. ती टीका वाहिन्यांवर आणि निर्मात्यांवर करावी. दिवसभर राबून रात्री तासभर टीव्हीसमोर बसणाऱ्या बाईला बोल लावून वाड्यावरचा तंटा सुटणार नाही. पुढच्या वेळी वडीलधाऱ्यांनी तसे म्हटले की तंटा कशावरून आहे, एवढेच शांतपणे विचारा. उत्तर बहुधा वाटेचे, पाण्याचे किंवा कुंपणाचे निघेल.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिका लिहायची आहे. आमच्या पेठेतल्या वाड्यात इतके काही घडते की मालिका फिकी पडावी. समोरच्या काकूंच्या घरातला वाद तर जसाच्या तसा रंगमंचावर येईल. तो वापरू का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : जसाच्या तसा वापरू नकोस. काकूंनी आपला वाद तुझ्यासमोर घातला तो तू शेजारचा मुलगा आहेस म्हणून. वाड्यातले चार लोक प्रयोगाला आले तर त्यांना तो ओळखायला एक मिनिटही लागणार नाही, आणि मग त्या घराचे दुखणे सगळ्यांच्या चर्चेचा विषय होईल. नावे बदलून काही साधत नाही. घराची मांडणी, नोकरी, आजार, बोलण्याची लकब यांवरून माणसे ओळखू येतात.

वादामागचा पेच मात्र तू घेऊ शकतोस. समज, वाडा विकसकाला द्यावा की नाही यावरून आई आणि मुलगा यांच्यात दुफळी झाली आहे. हा पेच पुण्यातल्या कितीतरी घरांत आहे. तो उचल, घर बदल, नाती बदल आणि शक्य झाल्यास वाद दोन बहिणींमध्ये घाल, म्हणजे तुला स्वतःला नवे प्रश्न पडू लागतील. मालिकेशी स्पर्धा करण्याचा विचारही मनातून काढून टाक. मालिकेला एक प्रसंग आठवडाभर ताणावा लागतो. तुझी एकांकिका थोड्या वेळात संपते, म्हणून दोन्ही बाजूंना खरे कारण देणे तुला परवडते. लिहिताना प्रत्येक पात्राच्या बाजूने एक पान स्वतंत्र लिहून काढ. ज्या पात्राच्या बाजूने तुला चार ओळींच्या पुढे जाता येणार नाही, ते पात्र तू अजून मालिकेतूनच घेतले आहेस असे समज आणि त्याच्यावर पुन्हा काम कर.

इतके करूनही काकूंच्या घरातले एखादे वाक्य तुला हवेच असेल, तर तालमी सुरू होण्यापूर्वी त्यांच्याकडे जा, ते वाक्य वाचून दाखव आणि परवानगी माग. त्या नाही म्हणाल्या तर ते काढून टाक.